आधी घरी, मग पारावर

ज्याची नक्कल करायची त्याच्या घरी आधी जायचं, त्याच्या आईसमोर, बायकोसमोर ती करून दाखवायची आणि तो माणूस स्वतः हसला तरच ती लोकांपुढे करायची, असा नियम पाळणारा नकलाकार मी आयुष्यात एकच पाहिला. चारठाण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं शिलाईचं दुकान होतं. सगळा गाव त्याला हुबेहूब म्हणायचा, आम्ही मुलं हुबेहूबमामा म्हणायचो. आजकाल टीव्हीवर कुणाच्या रंगावर, कुणाच्या जाडीवर, कुणाच्या बोलण्यावर दात काढणारी माणसं दिसली की मला मामा आठवतो आणि माझं टाळकं सटकतं. मामाबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

मामा दिसायला साधा. उंची बेताची, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात टेप आणि कानावर खडू. दुकानात एक मशीन आणि एक बाकडं, आणि त्या बाकड्यावर कायम कुणीतरी बसलेलं. मामा बोलायचा कमी, बघायचा जास्त. माप घेताना माणूस कळतो, असं त्याचं म्हणणं. "टेप लावला की माणूस पोट आत ओढतो. किती ओढतो, त्याच्यावरून समदा माणूस कळतो," असं तो म्हणायचा. मग एखाद्या दुपारी तो हातातलं कापड बाजूला सारून उभा राहायचा आणि उभं राहताक्षणी तो मामा उरायचा नाही. खांदे बदलायचे, मान बदलायची, डोळ्यांत दुसऱ्याच कुणाची तरी घाई यायची. त्यानं तोंड उघडायच्या आत बाकड्यावरचे लोक नाव सांगून मोकळे व्हायचे.

माझे बाबा गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची एक सवय होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, दोनदा खाकरायचं, "विषय संपला" म्हणायचं आणि मग पाऊण तास त्याच विषयावर बोलायचं. एका सकाळी मामा घरी आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमाला घ्यावं म्हणतो. आधी बघून घ्या." आणि त्यानं करून दाखवलं. आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी जमिनीवर लोळले. बाबा मात्र हसले नाहीत, त्यांनी वर्तमानपत्र उचललं. मामानं नमस्कार केला, निघून गेला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून बाबांचं एकट्याचं मोठमोठ्यानं हसणं आम्हाला ऐकू आलं. बाहेर येऊन अंग पुसत ते मला म्हणाले, जा, त्या हुबेहूबला सांग, माझी हरकत नाही. त्या शिवरात्रीला महादेवाच्या देवळासमोरच्या पारावर मामानं बाबांची नक्कल केली तेव्हा बाबा पहिल्या रांगेत बसले होते. ज्याची नक्कल तो पहिल्या रांगेत, हा मामाचा दुसरा नियम होता.

तिसरा नियम मला मोठी झाल्यावर कळला. गावात एक आडतीचे शेठ होते, बोलताना अडखळायचे. एकेका शब्दावर त्यांची गाडी अडायची. लोक मामाच्या मागे लागायचे, शेठजींना घ्या, शेठजींना घ्या. लोकांना काय हवं होतं ते मामाला कळत होतं. एका वर्षी त्यानं शेठजींना घेतलं. तूर तळहातावर कशी घेतात, फुंकर कशी मारतात, मग भाव वर कुठं लिहिलाय असं आभाळाकडे कसं बघतात आणि शेतकऱ्याकडे न बघता मान कशी हलवतात, सगळं केलं. एकदाही अडखळला नाही. पहिल्या रांगेत शेठजींच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. पुढे मरेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाकडे शर्ट शिवला नाही. अडखळणं का घेतलं नाही, असं मी मामाला विचारलं तर तो म्हणाला, "माणसाची चाल घ्यावी, लंगडणं घेऊ नाही. चाल त्याची सोताची असते. लंगडणं त्यानं थोडंच निवडलंय?"

मोबाईल आले तसा त्यानं आणखी एक दंडक घातला. नक्कल सुरू असताना कुणी फोन वर केला की तो थांबायचा, हात जोडायचा आणि फोन खिशात जाईपर्यंत तसाच उभा राहायचा. इथं ज्याची नक्कल तो माणूस समोर बसलेला आहे, त्याचं हसणं सगळ्यांना दिसतंय. हेच फोनमध्ये भरून तिकडं पाथरीला, परभणीला कुणी पाहिलं तर तिथं तो माणूस नाही, नुसतं त्याचं सोंग आहे, मग ती टवाळी झाली. असा त्याचा हिशेब. पोरं कुरकुरायची, पण फोन खिशात घालायची.

बाबा गेले त्यानंतर वर्षभर मामानं त्यांची नक्कल केली नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर आईनंच त्याला बोलावून घेतलं. बाकी कुणी नको, म्हणाली. स्वयंपाकघरात आई पाटावर आणि मी दारात. मामा उभा राहिला, खाकरला आणि "विषय संपला" म्हणाला. मला वाटलं आई रडेल. आई म्हणाली, चष्मा अजून जरा खाली. मामानं नसलेला चष्मा जरा खाली घेतला. आई म्हणाली, हां, आता बरोबर. मग दर दोन-तीन महिन्यांनी तो यायचा, पाच मिनिटं बाबा व्हायचा, चहा घ्यायचा आणि दुकानात जायचा. एखाद्या माणसाची कला दुसऱ्या माणसाच्या किती उपयोगाला येऊ शकते, हे मी त्या स्वयंपाकघरात पाहिलंय. म्हणून मला राग येतो.

मधल्या काळात दिवस पालटले. तयार कपडे आले, दुकान थंडावलं. मामाचा उजवा हात थरथरायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वयाचं आहे म्हणाले. काजं करणं त्याला जमेना, ती मामी करायला लागली. नवल असं की नक्कल करताना त्याचा हात थरथरत नसे. दुसऱ्याचा हात घेतला की तो दुसऱ्यासारखाच चालायचा. पण नकलाही कमी झाल्या. शिवरात्रीच्या कार्यक्रमाचं मंडळ तरण्या पोरांच्या हातात गेलं आणि त्यांनी बाहेरून एक हास्यसम्राट आणला. त्यानं माईक हातात घेतला आणि पहिल्या रांगेतल्या एका काळ्यासावळ्या बाईकडे बोट दाखवून तिच्या नवऱ्याला विचारलं, लाईट गेल्यावर ही सापडते का हो. लोक खुर्च्यांवरून पडले. ती बाई पण हसली, काय करणार बिचारी. मामा कडेला उभा होता, तो घरी निघून गेला. मंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाला, मामा, तुमचं चांगलं असतं, पण आता लोकांना झणझणीत लागतं.

इथून पुढे जे झालं त्यात माझा हात आहे. मला वाटलं, मामा एकदा टीव्हीवर दिसला की ही पोरं गप बसतील आणि पार त्याला परत मिळेल. कुणाला न दुखवता माणसं पोट धरून हसतात, हे महाराष्ट्राला दिसेल, असंही काहीतरी मोठं मोठं मी बोलले. हास्यकलाकारांच्या एका स्पर्धेसाठी निवड चालू होती. मामा तयार नव्हता. त्याच्याआड त्याचे नियमच येत होते. शेवटी त्यानं मला एवढंच विचारलं, "टीव्हीत दाखवायच्या आधी आपल्याला दाखवतेत ना? घरी येऊन?" त्याच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं, जगाची रीतच ती. मी म्हणाले, दाखवत असतील. मला काहीही माहीत नव्हतं. तरी म्हणाले.

संभाजीनगरला एका हॉटेलात निवड झाली. मामानं पिठाची गिरणी केली, डबा घेऊन आलेल्या तीन बाया केल्या आणि बाबा केले. बाबांसाठी तो आदल्या दिवशी आईची परवानगी घेऊन आला होता. कानाला हेडफोन लावलेली कार्यक्रमवाल्यांची एक मुलगी खूप गोड बोलली, काका तुम्ही काय भारी आहात, म्हणाली. महिन्यानं मुंबईला चित्रीकरणाला बोलावलं. मामानं स्वतःसाठी नवा पांढरा नेहरू शर्ट शिवला, काजं मामीनं केली. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून सोबत गेले. तिथं सोबतच्यांना वेगळ्या खोलीत बसवलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. दोन तासांनी मामा बाहेर आला. कसं झालं विचारलं तर म्हणाला, "झालं. लय हसले लोक." परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला, उजवा हात शालीखाली. मला वाटलं दमला असेल.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यानं मला दोनदा विचारलं, "ते दाखवायला कधी येणार हायेत?" मी म्हणाले, फोन येईल. त्याच्या मनात काय होतं ते मला आता कळतं. आत जे घडलं ते त्याच्यापुरतं अजून पारावर आलेलं नव्हतं. ते लोक घरी येतील, समोर बसतील, दाखवतील, आणि आपण हसलो नाही की ते सोडून देतील, असं तो धरून चालला होता. फोन आला तो एवढाच, की रविवारी संध्याकाळी सातला बघा.

शाळेच्या सभागृहात पडदा लावला. मीच लावला. अख्खा गाव लोटला. आई पहिल्या रांगेत, बाबा दिसणार म्हणून जरीकाठाची साडी नेसून. मामाही पहिल्या रांगेत, त्याच नेहरू शर्टात. मामी तेवढी घरी थांबली होती. कार्यक्रम संपल्यावर लोक घरी येणार म्हणून तिनं शिरा करायला घेतला होता.

गिरणी दाखवली नाही. बाया दाखवल्या नाहीत. बाबा दाखवले नाहीत. दाखवली ती चाळीस सेकंदं. मामा माईकसमोर येतो आणि नाव-गाव सांगतो, म्हणजे नक्कल सुरू व्हायच्या आधीचा, नुसता मामा. हात थरथरतोय. परीक्षक म्हणून बसलेल्या तिघांपैकी एक विचारतो, काका, हात व्हायब्रेशनवर ठेवलाय का, उचला की, कुणाचा तरी फोन येतोय. मागे फोन घरघरल्याचा आवाज. हाताचं चित्र जवळून, एकदा, दोनदा, तीनदा. मामा सांगतो, "न्हाई साहेब, वयानं व्हायलंय." तसा तो परीक्षक उठून मंचावर येतो, मामाशेजारी उभा राहतो, आपला हात तसाच हलवतो आणि "व्हायलंय, करायलंय, लय जायलंय" असं काहीतरी अर्थ नसलेलं ओरडत फिरतो. बाकीचे दोघे टेबल बडवतायत. आणि मामा हात जोडून हसतोय. मोठ्यानं, तोंड भरून. पुढे जाहिरात.

सभागृह हसलं. हे लिहायला मला जड जातंय, पण पहिल्या क्षणाला मीही हसले. तो फोनचा आवाज, ती टेबलं, ते जे यंत्र ते लोक चालवतात ना, ते आपल्या तोंडातून हसू उपटून काढतं, विचार करायच्या आत. शेजारून आईनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं लहानपणी मला चोरी करताना पकडलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग ती उठली आणि एवढ्या लोकांतून एकटी चालत बाहेर गेली. मामा जाहिरात संपेपर्यंत पहिल्या रांगेत बसून राहिला. नक्कल त्याची होती, तो जागेवरून कसा उठणार?

मी त्या वाहिनीला पत्र लिहिलं, चार नंबर फिरवले. शेवटी ती गोड मुलगी सापडली. मी तिला जे बोलले ते वर्गात कुणी बोललं तर मी त्याला बाहेर उभं करते. ती शांतपणे म्हणाली, मॅडम, गंमत असते हो, मनावर घेऊ नका. काका स्वतःच हसतायत की, बघा ना. यावर मी फोन ठेवला आणि त्याचा राग मला आजही आहे. कारण मलाही तेच वाटत होतं, की मामा आपल्या नियमानं फसला. ज्याची नक्कल त्यानं हसावं, असं जन्मभर म्हणत आला आणि वेळ आली तेव्हा बिचारा हसला. त्या लोकांना ती परवानगी वाटली. वाटली कसली, परवानगी नावाची वस्तू असते हेच त्यांना ठाऊक नाही. कोट घालून बसायचं, समोर गरीब, म्हातारा, खेड्यातला माणूस आला की त्याच्यात वाकडं काय आहे ते हुडकायचं आणि त्याला विनोद म्हणायचं. लाज नावाची गोष्ट या लोकांनी मेकअपवाल्याकडे काढून ठेवलेली असते. आणि आपण घरी बसून, पोरंबाळं मांडीवर घेऊन ते बघतो आणि मग तीच पोरं वर्गात तोतऱ्या मुलीला रडवतात तेव्हा आपण विचारतो, हे शिकली कुठून?

ती चाळीस सेकंदं फोनाफोनांत पसरली. दुकानासमोरून जाणारी पोरं हात हलवून घरघर आवाज काढायची. मामा मान वर करायचा नाही. मग शिवरात्री जवळ आली आणि मंडळाचा अध्यक्ष दुकानात आला. मी तेव्हा ब्लाउज घ्यायला गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं. तो बाकड्यावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, मामा, ह्या वर्षी पारावर तुम्हीच. बाहेरचा कुणी नाही, तुमचं नाव मोठं झालंय, बोर्डावर तुमचा फोटो टाकतो. मामाचे डोळे असे उजळले की मला वाटलं, चला, काहीतरी भरून निघालं. अध्यक्ष पुढे म्हणाला, फक्त ते हाताचं करा. टीव्हीतलं. पोरं त्याच्यासाठीच येणार हायेत.

मामानं हातातली कात्री खाली ठेवली. "ती तर माझी नक्कल हाय," तो म्हणाला.

तुमचीच हाय म्हणून तर तुमाला सांगायलो, असं अध्यक्ष म्हणाला.

"माझी नक्कल करायची तर माझी परवानगी लागंल," मामा म्हणाला. "ती मी देत न्हाई."

आवाज चढला नव्हता. अध्यक्ष हसला, मग मामा हसत नाही असं बघून निघून गेला. पारावर पुन्हा बाहेरचा माणूस आला. मामानं त्यानंतर कुणाचीच नक्कल केली नाही. आईकडेही आला तो नुसता चहाला. आईनं एकदा नुसतं बघितलं, तर तो म्हणाला, "वैनी, आता कुणाला घ्यायचं म्हणलं की आधी तो साहेब अंगात येतो." आईनं पुन्हा तसं बघितलं नाही. मंडळाच्या बोर्डावर ज्या परीक्षकाचा फोटो कुणीही लावला नव्हता, त्यानं आमच्या मामाच्या अंगात घर केलं होतं. याची तक्रार कुठल्या कचेरीत करायची, मला कुणी सांगावं.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेला. माती देऊन लोक परत फिरले नसतील तोवर गावाच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली पडायला लागली. खाली तीच चाळीस सेकंदं. एकानं टाकली, मग दुसऱ्यानं, मग मंडळानं फुलांच्या चौकटीत टाकली. मी फोन करकरून पोरांना झापलं. काढा म्हणाले, लाजा वाटू द्या म्हणाले. पोरं खरोखर गोंधळली होती. एक म्हणाला, ताई, मामाचा दुसरा व्हिडिओच न्हाई कुणाकडं. ते खरं होतं. मामानंच कुणाला काढू दिला नव्हता. गावानं तीस-चाळीस वर्षं जे पाहिलं त्यातलं काही उरलं नाही, आणि उरलं ते हे.

तिसऱ्या दिवशी मी मामीकडे गेले. मामी मशीनला टेकून बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की मोबाईलमध्ये त्यांचं काही हाय. मला म्हणाली, लाव. मी टाळाटाळ केली. त्या रविवारपासून सगळ्या गावानं तिच्यापासून ते दूर ठेवलं होतं, मीही. मी टीव्हीवाल्यांशी भांडले आणि त्यांनी काय उत्तर दिलं, तेवढं तिच्या कानावर आलं होतं. पण तिनं हात पुढे केला. मी आवाज बंद करून लावलं, तर म्हणाली, आवाज पायजे. पूर्ण बघितलं. तोंडावरची रेषा हलली नाही. मग म्हणाली, परत लाव, आणि या वेळी तिनं परीक्षकाच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि उरलेल्या कोपऱ्यातून मामाला बघत राहिली. हात जोडून तो हसतो तिथं तिनं मला थांबवायला लावलं.

"ते टीव्हीवाले म्हणले ना तुला, हे सोता हसायलेत म्हणून?"

मी हो म्हणाले.

"चाळीस वर्सं ऐकलंय मी यांचं हसणं," मामी म्हणाली. "हे त्यांचं न्हाई, माय. ही नक्कल हाय."